आजोबा इंग्लंडचे होते, पण त्यांचा जन्मदाखला कुठे मिळेल? यूके ॲन्सेस्ट्री व्हिसाची पात्रता, कागद आणि शोधाची वाट

भुसावळ, इगतपुरी, खडकी, देवळाली, भायखळा. रेल्वे आणि छावणीच्या आधाराने वाढलेल्या या वस्त्यांमधल्या काही घरांत एक वाक्य अजून सांगितलं जातं: ‘आमचे आजोबा थेट विलायतेहून आलेले.’ या वाक्याला ब्रिटनच्या कायद्यात आजही किंमत आहे. तुम्ही भारतीय नागरिक असाल आणि तुमच्या चार आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म ब्रिटनमध्ये झालेला असेल, तर यूके ॲन्सेस्ट्री व्हिसासाठी अर्ज करता येतो. तो 5 वर्षांसाठी मिळतो, त्यावर नोकरी, व्यवसाय, शिक्षण काहीही करता येतं. जोडीदाराला आणि 18 वर्षांखालच्या मुलांना सोबत नेण्यासाठी त्यांचेही अर्ज करता येतात.

मात्र तिथल्या अधिकाऱ्याला घरची आठवण चालत नाही. त्याला तुमच्यापासून त्या आजोबांच्या पाळण्यापर्यंत कागदांची साखळी हवी असते. ती कशी जुळवायची, हे इथे सविस्तर लिहितो आहे. अर्ज भरणं त्यामानाने सोपं आहे.

कोण पात्र, कोण नाही

अर्जदार राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक हवा, म्हणजे भारतीय पासपोर्ट चालतो. वय किमान 17. ब्रिटनमध्ये काम करण्याची तयारी आणि क्षमता हवी, आणि तिथल्या सरकारी मदतीशिवाय स्वतःचा व कुटुंबाचा खर्च भागवता यायला हवा. आजी किंवा आजोबांचा जन्म इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड, चॅनल बेटं किंवा आइल ऑफ मॅन इथला असावा. आजच्या आयर्लंड देशातला जन्म 31 मार्च 1922 च्या आधीचा असेल तर तोही चालतो. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या जहाजावरचा जन्मसुद्धा धरतात. आईकडचे की वडिलांकडचे, याने फरक पडत नाही. जन्म लग्नाबाहेरचा असला तरी हरकत नाही आणि दत्तक नातंही चालतं, पण सावत्र नातं चालत नाही.

इथे बघतात ते जन्मस्थान, वंश नव्हे. आजोबा आई-वडील दोन्हींकडून इंग्रज, पण जन्म पुणे छावणीतला, तर त्यांच्यामुळे हा व्हिसा मिळत नाही. पणजोबा लंडनचे असून उपयोग नाही, कारण कायदा आजोबांपाशी थांबतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: समुद्र ओलांडून नेमकं कोण आलं, आजोबा की त्यांचे वडील?

आधी घरचे दोन कागद

इंग्लंडच्या नोंदी उघडण्याची घाई करू नका. पहिला कागद तुमचा स्वतःचा जन्मदाखला, आई-वडिलांच्या नावांसह. दुसरा तुमच्या आई किंवा वडिलांचा, ज्यांच्याकडून हे नातं येतं त्यांचा. तो महापालिका, नगरपालिका किंवा कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे मागावा लागतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याआधीचा जन्म असेल, तर नोंद सापडत नाही किंवा तिच्यात बाळाचं नावच नसतं, असं होऊ शकतं. अशा वेळी कार्यालयाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या आणि चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला काढा. दोन्ही जोडून, मूळ दाखला का नाही याचं साधं, खरं स्पष्टीकरण लिहून द्या.

लग्नाचे दाखले विसरू नका. साखळीतल्या प्रत्येक बाईचं आडनाव लग्नानंतर बदललेलं असतं, आणि दोन दाखल्यांतली आडनावं जुळवणारा कागद तोच. मराठीतल्या कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं.

आजोबांचा माग

एक कल्पित उदाहरण घेऊ. आजोबा रेल्वेत फिटर, 1931 च्या सुमाराला आले, 1936 मध्ये भुसावळच्या चर्चमध्ये लग्न झालं, तिथेच वारले. घरात एवढंच माहीत: ‘क्रूच्या बाजूचे होते.’ क्रू हे इंग्लंडमधलं रेल्वेचं गाव.

सुरुवात लग्नाच्या नोंदीपासून करा. तिच्यात वराचं वय आणि वडिलांचं नाव असतं, आणि हे वडिलांचं नाव पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली आहे. मूळ वही इथल्या चर्चमध्ये मिळाली नाही तरी आशा सोडू नका. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधून बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात एन/3 या क्रमांकाखाली आहेत (एन/1 बंगालच्या, एन/2 मद्रासच्या). फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेच्या शोधयंत्रावर यातलं बरंच काही फुकट चाळता येतं. कबरीचा दगडही एकदा डोळ्यांनी पाहून या. त्यावर कधी कधी जन्मगाव कोरलेलं असतं.

मग जहाज. ब्रिटनहून दूरच्या देशांत निघालेल्या प्रवाशांच्या 1890 ते 1960 या काळातल्या याद्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बीटी 27 या मालिकेत आहेत. त्यांत नाव, वय, धंदा आणि विसाच्या दशकापासून ब्रिटनमधला शेवटचा पत्ताही सापडतो. हा पत्ता म्हणजे सोनं आहे, कारण तो घेऊन थेट जनगणनेत शिरता येतं.

तिथली जनगणना दर 10 वर्षांनी होते आणि 1851 पासून तिच्यात जन्मगाव लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात 1911 ची पानं उघडायची. वडिलांच्या नावाचं घर, त्यात 3 वर्षांचा मुलगा, जन्म क्रू. 1921 ची जनगणना 2022 मध्ये खुली झाली, तिच्यात तोच मुलगा पुन्हा दिसायला हवा. 1931 ची मात्र 1942 मधल्या आगीत जळाली आणि 1941 ची युद्धामुळे झालीच नाही.

आता जन्माची सूची. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली, आणि जनरल रजिस्टर ऑफिसची सूची ऑनलाइन आहे. इथे दोन गोष्टींनी लोक अडतात. सूचीत जन्मगाव नसतं, नोंदणी जिल्हा असतो. क्रू त्या काळी नँटविच जिल्ह्यात होतं, म्हणून 1908 मध्ये क्रूला जन्मलेलं मूल नँटविचखाली सापडेल. दुसरं, सूची तिमाहीनुसार आहे आणि नोंदणीला 42 दिवसांची मुदत असे, त्यामुळे मार्चमधला जन्म जूनच्या तिमाहीत गेलेला असू शकतो. एकाच नावाची दोन मुलं निघाली, तर आईचं माहेरचं आडनाव बघा. जनगणनेतून मिळालेल्या भावंडांची नावं त्याच सूचीत शोधा. सगळ्यांच्या आईचं माहेर एकच निघालं, तर मुलगा तोच.

आजोबा सैनिक असतील तर वाट थोडी वेगळी. सेवापुस्तकात जन्मगाव असतं, पण पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची बहुसंख्य कागदपत्रं सप्टेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. तेव्हा लग्नाची नोंद आणि जनगणना यांवरच भिस्त ठेवावी लागते.

घरात ‘इंग्लिश’ म्हणून ओळखलेले आजोबा स्कॉटिश निघाले, तर व्हिसाला बाधा नाही. फक्त दाखला एडिंबरोच्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडून घ्यायचा. तिथली सरकारी नोंदणी 1855 पासूनची आहे.

दाखला मागवताना

सूचीतलं वर्ष, तिमाही, जिल्हा, खंड आणि पान हे टाकून जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर ऑर्डर देता येते. प्रमाणित प्रत टपालाने भारतातही येते. तिथेच स्वस्तात पीडीएफ मिळते. ओळख पटवायला ती ठीक आहे, पण तिला पुराव्याचं मोल नाही. अर्जासाठी छापील प्रमाणित प्रतच हवी. 1947 पासून निघणाऱ्या आखूड दाखल्यावर आई-वडिलांची नावं नसतात, म्हणून पूर्ण दाखलाच मागवा. हातात आल्यावर त्यावरचं वडिलांचं नाव भुसावळच्या लग्नाच्या नोंदीशी ताडून बघा.

अर्ज

अर्ज ब्रिटनबाहेरूनच, सरकारी संकेतस्थळावर करायचा. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त 3 महिने तो भरता येतो. शुल्क आणि आरोग्य अधिभार वेळोवेळी बदलतात, ते अर्जाच्या दिवशी तिथेच पाहा. पासपोर्ट, तिन्ही पिढ्यांचे जन्मदाखले, लग्नाचे दाखले, बँकेची विवरणपत्रं आणि नोकरी शोधत असल्याचा पुरावा (नोकरीचे अर्ज, आलेली उत्तरं) जोडा. नाव बदललं असेल तर त्याचाही कागद द्या. नंतर व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो. निर्णय साधारण 3 आठवड्यांत येतो.

भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त दवाखान्यातला क्षयरोग तपासणीचा दाखलाही लागतो. जुने दाखले जमवायला कित्येक महिने जाऊ शकतात आणि हा दाखला 6 महिनेच चालतो, म्हणून ती तपासणी बाकीची फाइल पूर्ण झाल्यावरच करून घ्या.