अत्यवस्थ नवजात शिंगरू आणि त्याच्या आजाराची बदलती नावे

जन्मून दोन तास झाले तरी आचळ न शोधणारे, भिंतीला डोके लावून उभे राहणारे किंवा मुळी उठतच नसलेले घोडीचे शिंगरू आज ज्या रीतीने वाचवले जाते, ती रीत चार-पाच दशकांचीच आहे. त्याआधी ऊब देणे, चीक काढून पाजणे, बेंबीला आयोडीन लावणे आणि वाट पाहणे एवढेच हाती असे. बेंबीतून शिरलेला संसर्ग सांध्यांत उतरून शिंगरू लंगडते, हे घोडी पाळणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. म्हणूनच तीव्र आयोडीनचा भडिमार होई. ते बेंबीभोवतीची कातडी आणि ऊती भाजून काढते हे पुढे ध्यानात आले आणि सौम्य क्लोरहेक्सिडिन वापरात आले. जंतू बेंबीइतकेच, किंबहुना जास्त, आतड्याच्या वाटेने शिरतात ही समज तर आणखी उशिराची.

चिकाचे महत्त्व इथे नव्याने सांगायला नको. नवे होते ते चिकाचा परिणाम मोजणे. शिंगराच्या रक्तातली, चिकातून मिळणारी आणि रोगांशी लढणारी प्रतिपिंडे मोजून ‘याला आईकडून पुरेसे मिळाले नाही’ असे आकड्यात सांगणे १९७० च्या दशकापासून रूढ होत गेले. डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या खाली म्हणजे सपशेल अपुरे, ८०० च्या वर म्हणजे ठीक, हे आकडे आजही चालतात. साधारण २४ तासांनंतर आतडे प्रतिपिंडे शोषून घेत नाही. मग कितीही चीक पाजला तरी ती रक्तात पोहोचत नाहीत आणि शिरेतून प्लाझ्मा देणे हाच मार्ग उरतो.

खरी उलथापालथ १९८० च्या दशकात झाली. अमेरिकेत फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनिया इथल्या पशुवैद्यकीय रुग्णालयांत शिंगरांसाठी अतिदक्षता विभाग उभे राहिले. मानवी नवजात विभागांतली साधने आणि पद्धती तिथे आणून बसवण्यात आल्या: नाकातून प्राणवायू, धमनीतल्या रक्ताची वायुतपासणी, तासातासाला रक्तातल्या साखरेची तपासणी, नाकातून जठरात नळी. आडवे पडून राहिलेल्या शिंगराचे खालचे फुप्फुस दबते. म्हणून त्याला छातीवर बसते ठेवायचे आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, हा नियम तिथूनच पसरला. औषधांविषयी लिहिताना आपण पानेच्या पाने भरतो, पण या काळात सर्वांत जास्त शिंगरे वाचवली ती रात्रभर शेजारी बसून राहिलेल्या माणसांनी, असे माझे ठाम मत आहे. निरोगी शिंगरू तासाला पाच-सात वेळा पिते, आणि पिऊ न शकणाऱ्याला तितक्याच चिकाटीने थोडे थोडे द्यावे लागते. जन्मतः त्याच्याजवळ साखरेचा साठा जेमतेम काही तासांचाच असतो.

या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त घोळ एका नावाने घातला आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूमार्केट परिसरात थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या शिंगरांचा एक विचित्र आजार नोंदवला गेला. जन्मतः धडधाकट दिसणारे शिंगरू काही तासांत चोखणे विसरे, आईला ओळखेनासे होई, त्याला झटके येत आणि काही वेळा त्याच्या तोंडून कुत्र्यासारखा आवाज निघे. पागेतल्या माणसांनी अशांना ‘भुंकणारी’ आणि ‘भटकी’ म्हटले. ही नावे गावठी वाटली तरी प्रामाणिक होती, कारण त्यांत दिसले तेवढेच सांगितले होते. नाळ घाईने तोडल्यामुळे शिंगरू वारेतल्या बऱ्याच रक्ताला मुकते आणि त्यातून हे घडते, असा तर्क त्याच सुमारास पुढे आला. पुढच्या मोजमापांनी त्याला भक्कम आधार दिला नाही. तरी ‘नाळ आपोआप तुटू द्या’ हा सल्ला टिकला, आणि तो टिकला हे बरेच झाले.

पुढे या साऱ्याला ‘निओनेटल मॅलअॅडजस्टमेंट सिंड्रोम’ असे छत्रनाम मिळाले. गर्भाबाहेरच्या जगाशी जुळवून घेता न येणे, एवढाच त्याचा अर्थ. बोलीत ‘डमी फोल’ (फोल म्हणजे शिंगरू) रुळले. अतिदक्षता विभाग आले, तशी मानवी वैद्यकातली नावेही आली: ‘पेरिनेटल अॅस्फिक्सिया’, ‘हायपॉक्सिक इस्किमिक एन्सेफलोपथी’. फरक केवळ शब्दांचा नव्हता. आधीची नावे लक्षणे सांगत होती, ही कारण सांगू लागली: मेंदूला प्राणवायू कमी पडला. कारण ठरले की उपचारही त्याच्या मागोमाग येतात. मेंदूची सूज उतरवण्यासाठी मॅनिटॉल आणि डीएमएसओ, मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम आणि थायमिन. शिंगरांमध्ये यांच्या उपयोगाचा पुरावा तोकडाच राहिला.

ज्यांची प्रसूती अडली, वार अकाली सुटली, त्यांच्या बाबतीत प्राणवायूचे कारण पटते. पण अनेक ‘डमी’ शिंगरांचा जन्म सुरळीत झालेला असतो, आणि त्यांतली बरीच काही दिवसांत कोणतीही खोट न राहता बरी होतात. मेंदूच्या पेशी खरोखर मेल्या असत्या, तर असे घडले नसते.

या विसंगतीतून कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. गर्भाने पोटात उड्या मारू नयेत म्हणून त्याला गुंगीत ठेवणारी, प्रोजेस्टेरॉनपासून बनणारी संप्रेरके असतात. जन्मानंतर ती झपाट्याने ओसरायला हवीत. ‘डमी’ शिंगरांत ती रेंगाळलेली दिसली. शिवाय त्यांतले एक द्रव्य निरोगी शिंगराला टोचल्यावर तशीच गुंगी आली. मग जन्ममार्गातला दाबच जागे होण्याचा इशारा देत असेल का? त्यावर दोराचा उपाय निघाला: मऊ दोराचे वेढे छातीभोवती घ्यायचे, बेताने ओढायचे, शिंगरू आडवे होऊन झोपी जाते, सुमारे २० मिनिटे दाब ठेवायचा आणि सोडायचा. काही शिंगरे उठून सरळ आचळाकडे गेली.

या उपायाच्या चित्रफितींत हे दृश्य विलक्षण दिसते, आणि तिथेच माझी काळजी सुरू होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला, दाब दिलेली शिंगरे लवकर सावरल्याचे सांगणारा अभ्यास पशुवैद्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर उभा होता. कोणत्या शिंगराला दोर लावायचा हे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते. ज्याची अवस्था मुळात बरी, त्यालाच दोर लावला गेला असण्याची शक्यता त्यात राहते. उपाय खोटा आहे, असे मी म्हणत नाही. पण प्रसूतीत बरगडी मोडलेल्या शिंगराला तो जिवावर बेतू शकतो, आणि शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या अवस्थेत, असलेल्याला तर लावूच नये. दोर हाती घेण्याआधी बरगड्या तपासणे, शक्य तर अल्ट्रासाउंडने पाहणे, ही अट चित्रफितींत बहुधा दिसत नाही.

‘डमी’ या नावाचा सर्वांत मोठा तोटा मात्र वेगळाच आहे. रक्तात जंतू पसरलेले शिंगरूही सुरुवातीला असेच सुस्त दिसते, चोखत नाही. ताप असेलच असे नाही, तापमान उतरलेलेही असते. ‘डमी आहे, दोन दिवसांत शुद्धीवर येईल’ म्हणत थांबले, तर तेच दोन दिवस हातचे जातात. हा धोका ओळखूनच १९८८ मध्ये प्रसूतीचा इतिहास, तपासणी आणि रक्ताचे आकडे एकत्र करून गुण देणारी ‘सेप्सिस स्कोअर’ पद्धत मांडली गेली. इतर रुग्णालयांत ती पारखली तेव्हा बरीच आजारी शिंगरे तिच्यातून निसटली. तिच्या सुधारित आवृत्त्या अजून निघतच आहेत.

जठराम्ल घटवणाऱ्या औषधांचेही असेच झाले. अल्सरच्या भीतीने ती प्रत्येक अत्यवस्थ शिंगराला दिली जात. पुढे दिसले की आडव्या पडलेल्या शिंगराच्या जठरात आम्ल मुळातच कमी असू शकते, आणि ही औषधे घेणाऱ्यांत जुलाबाचे प्रमाण वाढते. आज अनेक विभागांनी ती सरसकट देणे थांबवले आहे. रक्ताचे कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, मात्र दाखल होताच घेतले जाते. त्याचा निकाल यायला दोन दिवस किंवा जास्त लागतात, म्हणून नोंदीत ‘डमी’ लिहिलेले असले तरी प्रतिजैविके त्याआधीच सुरू होतात.