बॅकअप लिंकचा स्टॅटिक रूट: एक जुना गैरसमज

पुण्यात रस्ते खोदायला हंगाम लागत नाही. त्यामुळे हिंजवडी काय किंवा भोसरी काय, शाखा जोडणारी दुसरी लिंक अनेक कार्यालये घेऊन ठेवतात. ती राउटरवर बसवताना मात्र एक समजूत वर्षानुवर्षे ऐकू येते: ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना माहिती देऊन मार्ग ठरवण्याची पद्धत) चालू असताना बॅकअप लिंककडे जाणारा स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने नेमून दिलेला मार्ग, लिहून ठेवला, की मुख्य लिंक तुटेपर्यंत तो स्वस्थ बसून राहतो.

हे खरे नाही. सिस्कोच्या राउटरवर स्टॅटिक रूटचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्ग कुठून कळला यावरून त्याला प्राधान्य देणारा आकडा) मुळात 1 आणि ओएसपीएफचे 110 असते, आणि तंतोतंत त्याच नेटवर्कसाठी कमी आकड्याचा रूट निवडला जातो; म्हणजे जी लिंक राखीव समजली, तिच्यावरूनच पहिल्या दिवसापासून वाहतूक सुरू होते आणि महागडी मुख्य लिंक ओस पडते. म्हणून रूटच्या शेवटी 200 सारखा मोठा आकडा लिहावा. 111 नेही काम भागते, पण उद्या ईआयजीआरपी (मार्ग ठरवण्याची सिस्कोची पद्धत) आला, तर त्याच्या बाह्य रूटचे डिस्टन्स 170 असते आणि 111 चा राखीव रूट त्याच्याही पुढे जाईल.

एवढे करूनही बदल क्षणार्धात होतोच असे नाही. केबल थेट राउटरच्या पोर्टवरच तुटली तर तो लगेच होतो. मध्ये स्विच असेल, तर पोर्ट चालूच दिसतो आणि इथरनेटवर ओएसपीएफ पलीकडचा राउटर बंद पडल्याचे मानण्यापूर्वी मूळ मांडणीत 40 सेकंद थांबतो. ही प्रतीक्षा बीएफडीने (लिंक जिवंत आहे का हे झपाट्याने तपासणारी यंत्रणा) एका सेकंदाच्या आत आणता येते. शिवाय परतीचा असाच रूट समोरच्या राउटरवरही हवा. हे विसरणारेच, माझ्या मते, सर्वाधिक.