99 टक्के हा आकडा आला कुठून?

जळगाव जिल्ह्यातल्या वर्गात ‘माणूस आणि केळी 60 टक्के सारखे’ असं सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात. घरची बाग डोळ्यांसमोर असते ना! मग फळ्यावर दुसरा आकडा येतो, चिंपांझी 99 टक्के. पोरं लगेच वजाबाकी करतात. म्हणजे केळी आणि चिंपांझीत अंतर फक्त 39चं?

चूक पोरांची नाही. दोन वेगळी मापं आपणच एका ओळीत लिहितो. केळीच्या बाबतीत मोजलेले असतात जनुक. माणसाच्या साधारण 60 टक्के जनुकांना केळीत ओळखू येईल असा जोडीदार सापडतो, पण त्या जोड्यांमधली प्रथिनं सरासरी 40 टक्क्यांच्या आसपासच जुळतात. चिंपांझीच्या बाबतीत मोजलेली असतात डीएनएची अक्षरं, म्हणजे ज्या चार रासायनिक दुव्यांनी डीएनएची साखळी बनते ते दुवे. माल घडांवर मोजायचा की क्विंटलवर, हे सौदा ठरण्याआधी विचारतातच. इथेही ते विचारायला हवं.

नात्याची चर्चा जुनी आहे. 1863 साली जीवशास्त्रज्ञ हक्सले यांनी माणूस आणि वानरांची हाडं, मेंदू शेजारी ठेवून पाहिले. 1904 साली नटॉल यांनी रक्ताच्या चाचण्यांवरून प्राण्यांची जवळीक ताडली. खरी खळबळ मात्र 1967 साली उडाली. शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेला, जुन्या पुस्तकांतून आपल्या ओळखीचा झालेला रामपिथेकस तेव्हा माणसाचा पूर्वज मानला जाई, आणि माणूस-वानरांची फारकत दीड कोटी वर्षांपूर्वीची समजली जाई. सॅरिच आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना करून सांगितलं, फारकत 50 लाख वर्षांपूर्वीची. जीवाश्मवाल्यांना ते पटायला बरीच वर्षं लागली. पुढे रामपिथेकस ओरांगउटानच्या घराण्यातला ठरला.

99चा उगम मात्र अक्षरांत नाही, प्रथिनांत आहे, 1975 सालच्या एका निबंधात. मेरी-क्लेअर किंग आणि तेच अ‍ॅलन विल्सन यांनी माणूस आणि चिंपांझी यांची अनेक प्रथिनं ताडली, तेव्हा ती 99 टक्क्यांहून जास्त जुळली. गावोगाव पोहोचला तो एवढाच आकडा, त्यापुढचं मागेच राहिलं. मला हे फार खटकतं, कारण निबंधाचा जीव त्या पुढच्या भागातच आहे. प्रथिनांतला एवढासा फरक शरीर, चाल, मेंदू यांतल्या अंतराला पुरत नाही, असं ते दोघे म्हणत होते. मग फरक कशात? कोणता जनुक कधी, कुठे आणि किती वेळ चालू राहतो यात, असं त्यांचं अनुमान होतं. ठिबक केलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. मोटर तीच, नळ्या त्याच. कोणता वॉल्व्ह कधी उघडला आणि किती वेळ, यावर सगळं ठरतं.

त्याचा पुरावा यायला तीसेक वर्षं गेली. 2006 साली डीएनएचा 118 अक्षरांचा एक तुकडा सापडला. कोंबडी आणि चिंपांझी यांच्यात त्यातली जेमतेम 2 अक्षरं वेगळी, म्हणजे कोट्यवधी वर्षं तो जवळपास जसाच्या तसा टिकलेला. चिंपांझी आणि माणूस यांच्यात मात्र 18 वेगळी! हा तुकडा प्रथिन बनवतच नाही. तो गर्भाच्या घडणाऱ्या मेंदूत कामाला लागतो.

त्याच्या आदल्या वर्षी, 2005 साली, चिंपांझीचा जनुकसंच, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचून प्रसिद्ध झाला होता. त्यासाठी मुख्यतः अमेरिकेतल्या क्लिंट नावाच्या नराचं रक्त वापरलं होतं. काम छापून येण्याआधीच तो मेला. सुमारे 300 कोटी अक्षरांपैकी साडेतीन कोटी जागी अक्षर बदललेलं निघालं, म्हणजे 1.23 टक्के. शिवाय 50 लाख ठिकाणी तुकडे गळलेले किंवा घुसलेले. तेही धरले तर फरक 4 टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे 99 आणि 96 दोन्ही बरोबर; काय मोजलं ते सोबत सांगावं, इतकंच. गुणसूत्रंही चिंपांझीची 48, आपली 46. आपलं दुसरं गुणसूत्र पूर्वीच्या दोन गुणसूत्रांची टोकं जुळून झालं आहे, आणि त्या सांध्याची खूण 1991 साली सापडली.

काही फरक तर अक्षरांचे नसून प्रतींचे आहेत. पिष्ट फोडणाऱ्या, लाळेतल्या अमायलेज या प्रथिनाच्या जनुकाच्या चिंपांझीत 2 प्रती असतात. माणसांत त्या सरासरी 6च्या आसपास आणि माणसामाणसात कमीजास्त असतात, हे 2007 साली दिसलं. चिंपांझीचं पोट मुख्यतः पिकल्या फळांवर, आपलं दाण्यांवर आणि कंदांवर. कळण्याची भाकरी नुसतीच, ठेच्याशिवाय, सावकाश चावून बघा. थोड्या वेळानं ती गोडसर लागू लागते. तो गोडवा याच जनुकाच्या कामाचा.

प्रतींचे असे पट्टे जुन्या यंत्रांना नीट वाचता येत नसत, म्हणून ते टक्केवारीतून गळत राहिले. चिंपांझीसह मोठ्या वानरांचे जनुकसंच या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाचून प्रसिद्ध झाले ते 2025 साली. त्यांत असेही लांब पट्टे आहेत की माणसाच्या ओळीशेजारी ठेवून त्यांची सरळ तुलनाच होत नाही.