पारादोर
स्पेन सरकारच्या मालकीच्या हॉटेलांची साखळी. तिच्यात नव्वदहून अधिक हॉटेले असून त्यांपैकी अनेक जुने किल्ले, मठ, राजवाडे व रुग्णालये यांच्या वास्तूंत आहेत. भारतातील राजवाड्यांची हॉटेले बहुतांशी माजी संस्थानिकांच्या किंवा खासगी कंपन्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पारादोर ही मात्र आरंभापासून शासकीय योजना आहे.

मार्क्विस दे ला वेगा-इंक्लान या शाही पर्यटन आयुक्ताच्या प्रेरणेने पहिले पारादोर 1928 साली ग्रेदोस पर्वतराजीत उघडले. ती इमारत नवी होती. परंतु एकोणिसाव्या शतकात चर्चच्या मालमत्ता सरकारजमा झाल्यामुळे देशभर ओस पडलेल्या मठांना आणि निकामी गढ्यांना उपयोग व देखभाल दोन्ही मिळावीत, हा विचार पुढे या योजनेचा कणा ठरला. ग्रानादा येथील पारादोर आल्हाम्ब्रा या मध्ययुगीन मुस्लिम राजवटीच्या राजवाडा-किल्ल्याच्या आवारातील सान फ्रान्सिस्को मठात आहे. राणी इसाबेला व राजा फेर्नांदो यांचे मृतदेह 1521 साली शाही चॅपेलमध्ये हलवले जाईपर्यंत याच मठात पुरलेले होते. सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील वास्तू याच दांपत्याने 1499 मध्ये यात्रेकरूंसाठी रुग्णालय म्हणून स्थापन केली. तेथे 1954 पासून हॉटेल असल्याने वाटसरूला आसरा देण्याचा तिचा मूळ धर्म निदान अंशतः टिकला आहे.

लेओन येथील सान मार्कोसचा इतिहास अधिक अवघड आहे. सोळाव्या शतकातील नक्षीदार दर्शनी भागासाठी प्रसिद्ध असलेल्या या मठात कवी केवेदो याला 1639 पासून सुमारे चार वर्षे कैदेत ठेवले होते आणि 1936–39 च्या यादवी युद्धात बंडखोर सेनानी फ्रँको याच्या बाजूने हजारो बंदिवान येथे कोंडले, त्यांतील अनेकांचा अंत झाला. अशा वास्तूत मुक्काम करणाऱ्याला तिच्या स्थापत्याइतकीच या छळाचीही माहिती मिळणे अत्यावश्यक आहे, कारण वास्तू जतन करणे म्हणजे केवळ तिचे दगड सांभाळणे नव्हे.

जतनाच्या नावाखाली नवे बांधकामही झाले आहे. हाएन येथील टेकडीवरचे पारादोर मध्ययुगीन किल्ल्यासारखे दिसत असले, तरी ते 1960 च्या दशकात जुन्या किल्ल्यालगत बांधलेले आहे. त्यामुळे ऐतिहासिक वास्तूतच राहू इच्छिणाऱ्या प्रवाशाने खोली राखून ठेवण्यापूर्वी इमारतीचे बांधकाम कोणत्या काळातील आहे, याची चौकशी अवश्य करावी.