भिंतीला धरून राहिलेला गाळ

दक्षिण आफ्रिकेत मोसेल बे शहराजवळ पिनॅकल पॉइंट नावाचा क्वार्टझाइटचा, म्हणजे गारेसारख्या कठीण खडकाचा समुद्रकडा आहे. त्याच्या पोटातल्या गुहांपैकी ‘पीपी१३बी’ समुद्रापासून जेमतेम १५ मीटर उंचीवर. तिथल्या प्राचीन वस्तीचा बराचसा गाळ कधीच झिजून गेला. भिंतीलगत एक थर तेवढा तगला, आणि तो कसा तगला हेच मला सगळ्यात विलक्षण वाटतं. कड्याच्या माथ्यावर चुनायुक्त वाळूचे जुने थर आहेत. त्यांतून झिरपणारं पाणी चुना घेऊन खाली उतरतं. त्या चुन्याने राख आणि वाळू थोडी सांधली गेली. क्वार्टझाइटच्या आम्लधर्मी गुहेत हाडं, शिंपले एरवी विरघळूनच गेले असते, तेही टिकले. पुढे वाळूच्या टेकडीने गुहेचं तोंडच हजारो वर्षं बुजवून ठेवलं.

उरलेलं इतकं थोडं, म्हणून इथे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ कर्टिस मरीन यांच्या पथकाचं काम फार सावकाशीचं. रस्त्याच्या आखणीवेळी तिवईवर दिसतं ते मोजणीचं यंत्र, टोटल स्टेशन, इथे गुहेत लावलेलं असतं; वस्तू उचलण्याआधी तिची नेमकी जागा आणि खोली नोंदायची. गाळाचा तुकडा राळेत मुरवून घट्ट करायचा आणि त्याचा आरपार दिसेल इतका पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. राख चुलीच्या जागीच आहे की पाण्याने सरकवली, हे त्यात कळतं. वाळूचे कण किती काळ अंधारात गाडलेले होते, ते त्यांत साठलेल्या ऊर्जेवरून काढतात.

२००७ साली सर्वांत जुन्या वस्तीचं वय जाहीर झालं: सुमारे १ लाख ६४ हजार वर्षं. त्या थरात घासलेला गेरू होता, दगडाची बारीक पाती होती आणि शिंपले होते. त्यांत भरणा तपकिरी शिनाण्यांचा, म्हणजे कोकणातल्या हिरव्या शिनाण्यांच्या भावंडांचा. हे शिंपले किनाऱ्याच्या खडकांना, खडपाला, चिकटून वाढतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसं मागे जात नाही, खडपावर लाटा आपटत राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र ओहोटीत खडप लांबवर उघडं पडतं. किनारा त्या काळी गुहेपासून काही किलोमीटर दूर होता. तेव्हा ही माणसं चंद्र बघूनच निघत असावीत, असं मरीन मांडतात. कालवं काढायला जाणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच शिंपल्यांत एक बार्नॅकल, म्हणजे चिकटून राहणारा कवचाचा समुद्री जीव निघाला, देवमाशाच्या कातडीवर वाढणाऱ्या जातीचा. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या चरबीचा तुकडा कातडीसकट कुणीतरी गुहेपर्यंत वाहून आणला असणार.