मऊ एक्सोसूट आणि कडक एक्सोस्केलेटन: जोर येतो कुणावर?

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अधूनमधून एक्सोसूटचा, म्हणजे हात हलवायला मदत करणाऱ्या अंगावरच्या यंत्राचा, एखादा व्हिडिओ येतो. कुणीतरी जाकिटासारखं काही अंगावर चढवतं, मोटर गुणगुणते, लुळा हात वर जातो. खाली लगेच प्रश्न: "रामबागच्या काकांना लकव्यानंतर हे चालेल का?" आणि त्याखाली ठरलेलं उत्तर: "चालेल की, हे सॉफ्टवालं आहे, लोखंडी सांगाड्याचंच हलकं मॉडेल." हे वाचलं की माझं डोकं उठतं.

कडक एक्सोस्केलेटन, म्हणजे तो लोखंडी सांगाडा, बहुतेकांनी पाहिलेलं असतं. हाताला समांतर धातूच्या किंवा कार्बन फायबरच्या पट्ट्या, कोपराशी बिजागरी, मोटर. पुनर्वसन केंद्रांतलं आर्मिओ पॉवर हे यंत्र त्याच जातीचं. पुढे जाऊ.

सॉफ्ट सूटमध्ये कापड, पट्टे आणि जोर लावणारं काहीतरी असतं: सायकलच्या ब्रेकला असते तशी केबल, नाहीतर हवेचा फुगा. वजन कमी, कपड्यांखाली लपतो, घडी होते. हे फरक खरे, पण किरकोळ. गफलत पुढे होते. सांगाडा सॉफ्ट सूटलाही लागतोच, आणि तिथे तो तुमच्या हाडांचा असतो.

हिशेब करून बघा. सत्तर किलोच्या माणसाचा कोपरापुढचा हात पंजासकट साधारण दीड किलोचा, आणि त्याचा भार कोपरापासून सतराएक सेंटिमीटरवर. केबल मात्र सांध्यापासून चारच सेंटिमीटरवरून ओढते. म्हणजे रिकामा हात नुसता आडवा धरायला केबलमध्ये सहा किलोच्या आसपास ताण हवा. कडक यंत्रात असला जोर बराचसा पट्ट्या आणि बिजागरी झेलतात. सॉफ्टमध्ये तोच ताण कोपराचा सांधा दाबतो आणि मनगटाचा पट्टा कातडीवरून वर सरकवतो. मे महिन्यात, घामेजल्या हातावर, तो कितीसा टिकेल ते तुम्हीच सांगा.

म्हणून पहिला प्रश्न वजनाचा नाही, सांध्याचा. लकव्यानंतर पुष्कळदा खांद्याचे स्नायू ढिले पडतात आणि दंडाच्या हाडाचं डोकं खोबणीतून खाली घसरतं. अशा खांद्याला बिजागरी मानून त्यावर ओढाताण करणं मला मुळीच पसंत नाही. सांधे शाबूत आहेत, ताकद तेवढी कमी आहे, तिथे मात्र मऊ सूट झकास चालतो. 2023 साली हार्वर्डच्या संशोधकांनी एएलएसच्या (स्नायू हळूहळू दुबळे करणारा मज्जातंतूंचा आजार) 10 रुग्णांवर बगलेतल्या फुग्याचा असा सूट वापरून पाहिला, तो याच हिशेबाने: फुगा छातीला टेकून दंड वर ढकलतो, पण हात वळतो तो रुग्णाच्याच खांद्यात.

कडक यंत्राचं दुखणं उलटं. हात वर जाताना खांद्याचा मध्य जागा बदलतो. यंत्राची बिजागरी त्याच्याबरोबर सरकली नाही, तर ते हाताला आपल्याच वाटेने खेचतं. बोटांच्या बाबतीत तर माझं मत पक्कं आहे: सॉफ्ट सूटच्या जातीचा हातमोजाच घ्या, धातूचा पिंजरा नको. इतक्या सांध्यांशी बिजागऱ्या जुळवत बसायला कुणाला वेळ आहे? फक्त एवढं पाहा की केबल ओढू शकते, ढकलू शकत नाही. नुसती मूठ मिटवणारा मोजा आवळलेली मूठ उघडणार नाही.

आणि छताला रंग देणारा कामगार खांद्यावर जे यंत्र चढवतो, त्याचा व्हिडिओही याच प्रश्नाखाली फिरतो. तसल्या बहुतेक यंत्रांत मोटरच नसते, नुसती स्प्रिंग. ती हात वर धरून ठेवते, खाली आणायला स्वतःचा जोर लावावा लागतो. काकांसाठी ते तर अजिबात मागवू नका.