ॲसिडनं रंग निघत नाही भावांनो
रंकाळ्याला दगडावर कुणी स्प्रेनं नाव लिहिलेलं दिसलं की सल्ला ठरलेला, ॲसिड ओता, तारेचा ब्रश मारा, निघतंय की. नाही निघत. ॲसिड रंगाला फारसं काय करत नाही, सांध्यातला चुना मात्र फसफस करत खातंय, आणि ब्रशचे चरे पडतात ते वेगळंच, तुटलेल्या तारा गंजून तांबडे डाग. खरी पद्धत लई संथ, आधी कोपऱ्यात टेस्ट, मग रंग सैल करणारी पेस्ट थापायची, थांबायचं, कमी प्रेशरच्या पाण्यानं धुवायचं. सिमेंटच्या भिंतीला वरनं रंग मारला तरी चालतंय. आणि 'लिहिलं तर काय होतंय' म्हणणाऱ्यांनो, पन्हाळ्यासारख्या संरक्षित गडावर २ वर्षांपर्यंत कैद नायतर १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.